आंधळ्या-बहिऱ्या लेकरांच्या वाट्याचा पैसा
(शिरवळ येथे पालकांच्या सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



प्रथम आम्ही आमचीच एक चूक आपणांपुढे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एका कुंभाराचा मुलगा होता. हाक मारली तर ओ देत नसे. पाढे विचारले तर आमच्या तोंडाकडे टकमक पाहत राही. आम्ही त्यास मठ्ठ ठरवून शेवटच्या बाकावर बसविले. दोन वर्षे तो तेथेच बसला. पुढे मुलांची तपासणी झाली तेव्हा कळले की, त्याला ऐकूच कमी येत होते! पुढच्या बाकावर असता तर ओठ पाहून त्याने निम्मे तरी उचलले असते. फळ्यावर वळणदार अक्षर कसे काढावे हे आम्ही ट्रेनिंगात शिकलो. न ऐकणाऱ्या पोरास कसे शिकवावे हे शिकलो नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्ही कोणास विचारलेही नाही.

आता सरकारचे पाहू. कायद्याची उणीव नाही. १९९५ च्या कायद्याने अशा मुलांस अठरा वर्षांपर्यंत फुकट शिक्षण कबूल केले. २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले. अक्षरांची उलटापालट करणारे पोरही त्यांत आले. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तर सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा त्याच्यासाठीच्या खास शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे.

पण हक्काला पैसा लागतो. २०१८ सालापासून समग्र शिक्षा नावाच्या योजनेत दर मुलामागे वर्षाला साडेतीन हजार रुपयांपर्यंत तरतूद धरली. त्यात साठ वाटे दिल्लीचे व चाळीस मुंबईचे. रोजाचा हिशेब करा, दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत! मुलींना वर्षातील दहा महिने दरमहा दोनशे रुपये वेगळे ठेवले आहेत. सुप्रीम कोर्टाने २०२१ साली प्राथमिक शाळांत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले. आपल्या राज्याने २०२४ साली केंद्रवार ४,८६० पदे निर्माण केली. एका केंद्रात दहा-पंधरा शाळा. तो एकटा शिक्षक एका पोरापाशी पुन्हा कधी पोचणार, याचा अंदाज आपणच करावा.

सन १८८२ साली हंटर कमिशनापुढे जोतीराव फुल्यांनी हेच विचारले होते की, सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते, तर खर्च वरच्यांच्या विद्येवर का? आज रयतेची मुले शाळेत आली आहेत, परंतु रयतेतील आंधळे, बहिरे, पांगळे लेकरू अजून उंबऱ्याच्या आतच आहे.

आणि येथे थोडा दोष आपलाही आहे. रागावू नका. तरतूद पटावरील नावांवर ठरते. नाव नाही तर रुपया नाही. पण घरातली आजी म्हणते, "पोराचं नाव त्या यादीत घालू नका, थोरलीचं लग्न जमायचं नाही." कोणी नवस करते, कोणी गंडा बांधते. ज्यांना दाखला हवा आहे त्यांना खंबाटकी ओलांडून साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात जावे लागते, दिवसाची मजुरी बुडते, आणि एका खेपेत काम होईलच असे नाही. तेव्हा गरीब माणूस कंटाळतो. त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र एवढे ध्यानात असू द्या की, दाखला नाही म्हणून गावच्या शाळेला कोणत्याही मुलास दारातून परत पाठविता येत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत बारा आणे माणसे पालकच असतात, आणि एकंदरीत निम्म्या बायका. तेथे गप्प बसू नका. आपल्या शाळेत अशी मुले किती, विशेष शिक्षक महिन्यातून कितीदा आला, मुलींचे दोनशे रुपये खात्यावर जमा झाले की नाही, हे विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या. मास्तर उडवून लावू लागला तर दुसऱ्यांदा विचारा. आम्हीही मास्तरच आहोत, आम्हांस ती सवय ठाऊक आहे.

ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांनी सभा उठल्यावर थांबावे. दाखल्यासाठी साताऱ्यास जावयाचे असेल तर सुटीच्या दिवशी कागद तयार करून देऊ, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्याबरोबर रजा काढून आम्ही स्वतः जाऊ.