पटांच्या जत्रेत बापलेक

(मंडळाच्या २०२५ च्या गणेशोत्सवात सायंआरतीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर कोणी कैलास-मानसरोवराबद्दल बोलतं, कोणी अमेरिकेत मुलाकडे काढलेल्या सहा महिन्यांबद्दल. माझा प्रवास फरीदाबाद ते छतरपूर एवढाच आहे. व्हायलेट लाईननं केंद्रीय सचिवालय, तिथं गाडी बदलून यलो लाईन. सांस्कृतिक समितीनं जेव्हा विचारलं तेव्हा मी म्हटलं, अहो, आम्ही डिप्लोमावाले, सिग्नलच्या तारा जोडणारे, आम्ही काय बोलणार? त्यावर उत्तर आलं की गेल्या वर्षीचे वक्ते पीएच.डी. होते आणि निम्मा मंडप झोपला होता. तेव्हा उभा राहिलोय.

या वर्षी जून महिन्यात मी आणि माझी मुलगी दिल्ली आंतरराष्ट्रीय खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत खेळून आलो. छतरपूरच्या टिवोलीत ही स्पर्धा झाली. एरवी तिथं लग्नं लागतात. वीस वर्षांहून जुनी ही स्पर्धा आहे. बक्षिसांची एकूण रक्कम एक कोटीच्या वर, आणि सगळ्या गटांचे मिळून दोन हजारांवर खेळाडू. मुख्य गटात ग्रँडमास्टर खेळतात. यंदा तो अभिजित गुप्तानं जिंकला. आमचा गट शेवटचा, क गट. त्यात सगळे येतात. माझ्यासारखे, पन्नाशीकडे निघालेले आणि अजून एकही अधिकृत मानांकन नसलेले, तेसुद्धा.

आता मी का खेळलो, हे सांगतो. खेळ सुरू झाला की पालकांना दालनाबाहेर ठेवतात. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. पहिलीच मोठी स्पर्धा. मी हिशेब केला की बाहेर चार तास घामाघूम होऊन बसण्यापेक्षा महासंघाकडे नाव नोंदवावं, प्रवेश फी भरावी आणि हक्कानं आत बसावं. घरातून विचारणा झाली, "तिच्यासाठी जाताय की स्वतःसाठी?" मी म्हटलं, तिच्यासाठी. हे अर्धंच खरं होतं.

मी मूळचा मिरजेचा. मिरज म्हटलं की लोकांना जंक्शन आठवतं नाही तर सतार. पण शेजारी सांगली आहे, आणि सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तिथल्या स्पर्धांना गावोगावची पोरं येत. आजोबा मात्र देशी पद्धतीचा डाव खेळत. त्यांच्या मते प्याद्यानं केलेली मात हीच खरी मात. वजिरानं मात करणं म्हणजे जावयानं भाजी निवडण्यासारखं, काम होतं पण शोभा नाही. खाडिलकर भगिनींचं नाव आमच्या घरी देवासारखं घेतलं जाई. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली. पहिलं अजिंक्यपद वासंतीनं घेतलं आणि पुढची दहा वर्षं ते वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघींच्या घराबाहेर गेलं नाही. रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी स्पष्ट केलं की बाईला खेळायला मनाई करता येणार नाही.

२००० साली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा याच दिल्लीत भरली. मी तेव्हा मिरजेत नोकरीचे अर्ज भरत होतो आणि पेपरातून डाव कापून वहीत चिकटवत होतो. शंभर खेळाडू, हरला तो घरी. अंतिम सामना तेहरानला झाला आणि आनंद जगज्जेता झाला. मग मला रेल्वे मिळाली आणि ती वही माळ्यावर गेली.

छतरपूरला मात्र हरलेल्याला घरी पाठवत नाहीत. तिथं स्विस पद्धत आहे. १८९५ मध्ये झुरिकच्या एका स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली. प्रत्येक फेरीनंतर सारखे गुण असलेल्यांची गाठ सारख्यांशी घालायची. जिंकत गेलात तर वरच्या पटांकडे सरकता, हरत गेलात तर दालनाच्या टोकाला. मी चार फेऱ्यांत भिंतीपाशी पोहोचलो होतो.

ते दालन डोळ्यांसमोर आणा. लांबच लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, शेकडो पट, प्रत्येक पटाशेजारी घड्याळ. मोबाईल बाहेर, आत वाजला तर डाव गेला. पंचांनी घड्याळं सुरू करायला सांगितलं की शेकडो हात एकदम पुढे होतात आणि नंतर जी शांतता पसरते ती मी फक्त पहाटे तीनला यार्डात अनुभवली आहे. दालनाबाहेर उलटं चित्र. सतरंज्या, डबे, पाण्याचे थर्मास, पुस्तकांचे स्टॉल, कोपऱ्यात दोन मिनिटांचे झटपट डाव, मेलेल्या डावाचं शवविच्छेदन करणारी टोळकी. केरळ, बंगाल, हरियाणा, आणि हो, नागपूरचे आणि जळगावचेसुद्धा. एका वहिनींनी नुसतं "तुम्ही मराठी का?" विचारून शेंगदाण्याची चटणी पुढे केली. स्पर्धेतलं माझं पहिलं यश तेच.

पहिल्या फेरीत मी एका नऊ वर्षांच्या मुलाकडून हरलो. त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी विचार करत असताना तो उठून शेजारचे पट बघून येई, बसे, खेळे, पुन्हा जाई. एकोणिसाव्या खेळीला माझा वजीर अडकला तेव्हा त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

पण मला सांगायचा आहे तो चौथ्या फेरीचा डाव. समोर बसलेले गृहस्थ दृष्टिहीन होते. तिशीचे असतील. अशा डावात दोन पट असतात. आमचा नेहमीचा, आणि त्यांचा वेगळा, ज्याच्या प्रत्येक घरात भोक असतं आणि मोहऱ्याला खाली खुंटी. ते बोटांनी सगळा पट वाचतात. आता बुद्धिबळात नियम आहे की ज्या मोहऱ्याला खेळण्यासाठी हात लावला तोच हलवायचा. मग जो माणूस हातानंच बघतो त्यानं काय करायचं? त्यासाठी नियमातच तजवीज आहे. त्यांच्या पटावर मोहरा भोकातून बाहेर निघाला तरच 'हात लागला' असं धरतात. आणि प्रत्येक खेळी मोठ्यानं सांगायची, समोरच्यानं ती पुन्हा उच्चारायची, मग आपल्या पटावर करायची. घरांची नावंही ऐकण्यात घोटाळा होऊ नये म्हणून ठरवून दिलेली: ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, अशी ओळीनं.

इथं बसलेल्या ऑपरेटिंगच्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. एक स्टेशन मास्तर दुसऱ्याला लाईन क्लिअर देताना प्रायव्हेट नंबर सांगतो, दुसरा तो परत म्हणून दाखवतो, दोघं लिहून घेतात. दोघांनाही एकमेकांचं स्टेशन दिसत नसतं. सगळी गाडी त्या उच्चारलेल्या आकड्यावर चालते. मी तो डाव बेचाळीस खेळ्यांत हरलो, पण इतक्या मजेत मी कधी हरलो नव्हतो. उठताना ते म्हणाले, "आप नंबर बहुत साफ बोलते हैं." मी म्हटलं, रेल्वेत आहे.

आता सहावी फेरी. मुलीचे पाच फेऱ्यांत तीन गुण झाले होते. तिलाही मानांकन नव्हतं. मार्च २०२४ पासून जागतिक यादीत किमान मानांकन १००० वरून १४०० वर नेलं आहे. हिशेब त्याच्या खाली आला तर यादीत नाव येतच नाही. त्यामुळे प्रत्येक अर्धा गुण मोलाचा. तिचा पट माझ्यापासून चार टेबलं पलीकडे होता. मी माझा डाव चालू असताना पाणी प्यायला उठलो. बघतो तर तिच्याकडे एक प्यादं जास्त. समोरचा मुलगा चौदा-पंधराचा, तोही पाणी प्यायला गेलेला. खेळायची पाळी हिची.

हिनं घोडा उचलला. उचलला आणि हवेतच थांबली. त्या घोड्यामागे हिचा हत्ती होता, आणि समोरच्या उंटाची तिरपी वाट घोड्यानं अडवलेली होती. घोडा हलला की हत्ती गेला. तिला ते घोडा हातात आल्यावर दिसलं. तिनं तो हळूच परत त्याच घरात ठेवला. पंच दूर होते. शेजारच्या पटांवरची माणसं आपापल्या डावात बुडालेली. कोणी पाहिलं नव्हतं.

मी पाहिलं होतं. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. आणि मी, मित्रहो, मान खाली घातली.

नंतर मी स्वतःला सांगितलं की खेळाडूला खूण करायची नाही असा नियम आहे, म्हणून मी नजर वळवली. नियम आहेच. पण मी नजर वळवली ती त्यासाठी नव्हे. माझ्या मनात तेव्हा एकच शब्द होता, 'राहू दे.'

तो मुलगा परत येऊन बसला. तिचं घड्याळ चालू होतं. दोन-तीन मिनिटं ती तशीच बसली, मग घोडा उचलून दुसऱ्या घरात ठेवला. उंटानं हत्ती घेतला. वीसेक खेळ्यांनी तिनं हात पुढे करून हार मान्य केली. माझा डाव अर्ध्यातच बिघडला हे सांगायला नकोच.

बाहेर सतरंजीवर मी विचारलं, "घोडा कशाला खेळलीस?"

"हात लागला होता."

"त्याला कुठं माहीत होतं?"

ती डब्यातली पोळी मोडत होती. म्हणाली, "बाबा, तू मान खाली घातलीस ना, तेव्हा मला कळलं तुला काय म्हणायचंय. पण हात लागला होता."

मेट्रोत आम्ही फारसं बोललो नाही. फरीदाबादपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून झोपली.

मी सिग्नलचा माणूस. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते तिथला सांधा तपासणं हे आमचं काम. सांध्याची जीभ आणि मूळ रूळ यांच्यामध्ये पाच मिलिमीटरची लोखंडी पट्टी धरायची आणि मोटर फिरवायची. पट्टी मध्ये असताना सांधा लॉक होता कामा नये. झाला, तर जीभ पूर्ण चिकटलेली नसतानाही सिग्नल हिरवा होऊ शकेल, आणि मग काय होतं ते इथं सांगायची गरज नाही. त्याआधी स्टेशन मास्तरला मेमो द्यायचा, त्याची परवानगी घ्यायची, काम झालं की रजिस्टरमध्ये सही. रजिस्टर सही बघतं, पट्टी बघत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका जानेवारीच्या रात्री, इतकं धुकं की स्वतःचे बूट दिसेनात, मी एका सांध्यापाशी खलाशाला म्हणालो होतो, "राहू दे, गेल्या खेपेला ठीक होता." तो काही बोलला नाही. फक्त पट्टी हातात धरून माझ्याकडे बघत उभा राहिला. वयानं माझ्यापेक्षा मोठा, कानटोपीतून नुसते डोळे दिसत होते. मी पट्टी घातली. सांधा ठीकच निघाला. आम्ही दोघांनी नंतर त्याचा कधी उल्लेख केला नाही, आणि ते आता निवृत्त होऊन गावी गेले आहेत. छतरपूरहून परतताना मेट्रोत मला त्यांची कानटोपी आठवत होती.

पुढचं थोडक्यात. स्पर्धा संपली. माझा दीड गुण झाला, त्यात एक प्रतिस्पर्धी न आल्यामुळे मिळालेला. मुलीचं नाव यादीत आलं नाही. तो एक डाव जिंकला असता तर आलं असतं का, याचा हिशेब मी केला आहे. तो तिला सांगितलेला नाही. २८ जुलैला नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून विश्वचषक जिंकली. एकोणीस वर्षांची पोर. गेली तेव्हा ग्रँडमास्टर किताबाचा एकही टप्पा तिच्या नावावर नव्हता, आली ती ग्रँडमास्टर होऊन. आमच्याकडे मोबाईलवर तो डाव लागला होता आणि मी ड्यूटीवर होतो. फोन आला, "बाबा, ती रडतेय!" मी घाबरून विचारलं, कोण? "दिव्या! जिंकली म्हणून!"

समितीची चिठ्ठी आली आहे, प्रसादाचा शिरा गार होतोय. एक सूचना सांगून थांबतो. उद्या सकाळी दहा वाजता मंडपात आपण बारा पट मांडणार आहोत. वयाची अट नाही, घड्याळं चारच आहेत, बाकीचे डाव विश्वासावर. पंच म्हणून माझी मुलगी बसणार आहे. मोठ्यांनी जरा जपून, हात लागला की मोहरा हलवावा लागेल.