साभार परत आल्यानंतर

‘लिहिण्यासारखं खूप आहे हो, पण वेळच मिळत नाही,’ हे वाक्य आपण किती जणांच्या तोंडून ऐकतो! नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ असोत, मुलं मार्गी लागलेल्या गृहिणी असोत, उत्साहानं वही आणली जाते, चार पानं भरतात आणि वही कपाटात जाऊन पडते. मित्रहो, मला वाटतं, खरी अडचण वेळेची नसते. लिहिणं शिकावं लागतं, हेच आपल्याला पटलेलं नसतं. गवयाला रियाज हवा, सुताराला उमेदवारी हवी. लेखकाला मात्र प्रतिभा असली की झालं, अशी आपली समजूत!

मराठीत ही उमेदवारी मासिकांनी करून घेतली. १९८२मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथे’चे संपादक राम पटवर्धन यांचंच उदाहरण घ्या. नवख्या लेखकाची कथा नुसती ‘साभार परत’ करून ते थांबत नसत. कथेत कुठं काय उणं राहिलंय, हे पत्रातून सांगत, पुन्हा लिहायला लावत. परत आलेल्या कथेमुळं कुणी रागावून लेखणी खाली ठेवलीही असेल. पण जो पुन्हा लिहायला बसला, त्याची ती शाळाच झाली.

आणि लक्ष्मीबाई टिळक? जन्म १८६८चा. शाळा नाही, लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. पती ना. वा. टिळक १९१९मध्ये गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी नेटानं पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४मध्ये आला, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. वाचताना वाटतं, बाई समोर बसून सांगताहेत. पण किती सांगायचं, कुठं थांबायचं, दुःख सांगतानाही हसू कसं राखायचं, हे भान आयुष्यभराच्या सांगण्या-ऐकण्यातून येतं.

आज लिहिलेलं मोबाइलवरून क्षणात शंभर जणांपर्यंत पोचतं. कौतुकाचे अंगठेही येतात. येत नाही ते ‘इथं जमलेलं नाही’ असं सांगणारं पत्र. म्हणून आता आपल्यालाच आपलं संपादक व्हायला हवं. त्यासाठी रोज अर्धाच तास, पण ठरलेल्या वेळी बसावं. लिहून झालं की मजकूर पंधरा दिवस बाजूला ठेवावा. मग तो मोठ्यानं वाचावा. जिथं धाप लागते, तिथं वाक्य लांबलेलं असतं. जिथं आपल्यालाच कंटाळा येतो, तिथं वाचक केव्हाच उठून गेलेला असतो. तेवढं काढावं आणि पुन्हा लिहावं. घरच्यांखेरीज निदान एकाला तरी दाखवावं. तो नाक मुरडेल, तर का, ते शांतपणे विचारावं.

एवढा खटाटोप कशासाठी? प्रत्येकाचं पुस्तक निघेलच असं नाही. पण गिरणीतली पाळी कशी असायची, दुष्काळात घर कसं चाललं, आजी कुठल्या शब्दांत रागवायची, हे जाणणारं माणूस गेलं की ते सगळं त्याच्याबरोबर जातं. तेव्हा कपाटातली ती वही काढा. पाचवं पान अजून कोरंच आहे.