अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला घरच्या आजारपणावर चार शब्द बोलावयास सांगितले. मी काही डॉक्टर नव्हे. पण आमच्या थोरल्या जाऊबाईंचे जे झाले ते त्यांच्याच परवानगीने सांगते. त्या समोर बसल्या आहेत, तेव्हा माझे काही चुकले तर तिथल्या तिथे दुरुस्त करतील.

२०१९ साली त्यांना घास उतरेना. आधी भाकरी अडे, मग भातही. आम्ही आपले पित्त समजून दोन महिने घालविले. निघाला अन्ननलिकेचा कर्करोग. मशेरीची सवय लग्नाआधीपासूनची. तंबाखू, मग तो ओढा, चघळा की भाजून दातांना लावा, या रोगाला कारण होतो. ज्यांच्या फडताळात ती डबी अजून आहे त्यांनी घरी गेल्यावर विचार करावा.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. अन्ननलिकेचा रोगट भाग काढला, जठराची लांबट नळी केली आणि ती छातीतून वर ओढून वरच्या टोकाला जोडली. म्हणजे पोटातली पिशवी आता छातीत, आणि पिशवी कसली, नळीच! पुढे तपासण्या चांगल्या आल्या. आम्ही पेढे वाटले आणि आजार संपला असे धरून चाललो.

चूक झाली ती इथे. २०२३ च्या पावसाळ्यात त्या ओल्या पायरीवरून घसरल्या, नुसता हात टेकला, तर मनगट मोडले. एवढ्याशा पडण्याने हाड मोडावे याचे डॉक्टरांना नवल वाटले व त्यांनी हाडांची घनता मोजविली. हाडे पोकळ होत चाललेली. रक्तात ड जीवनसत्त्व कमी, बी-१२ कमी, लोहही कमी. पायांना मुंग्या येतात, जीभ हुळहुळते, असे त्या वर्षभर सांगत होत्या. मीच त्यांना म्हणाले होते, "जाऊबाई, वय झालं की असं व्हायचंच." हे वाक्य मला अजून टोचते.

असे का होते ते मी पुढे विचारून घेतले. लोह अन्नातून सुटून रक्तात जाण्यास जठरातले आम्ल लागते. चुन्याच्या कॅल्शियमचेही तसेच. जठर कापून नळी झाली की आम्ल कमी होते, त्यात जळजळीसाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतात. बी-१२ ला तर जठरात तयार होणारा एक सोबती लागतो, तो त्याला आतड्याच्या शेवटापर्यंत पोचवितो. तो सोबतीही कमी पडतो. यकृतातला जुना साठा दोनचार वर्षे पुरतो, म्हणून तूट उशिरा कळते. शिवाय शस्त्रक्रियेत पोटाकडे जाणारी मज्जा कापली जाते, तेलातुपाचे पचन बिघडते, आणि ड जीवनसत्त्व स्निग्धांशाबरोबरच अंगी लागणारे! ते नसले की खाल्लेले कॅल्शियम वाया जाते, आणि शरीर आपली गरज हाडांतून भागविते.

आपल्या शिरवळात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे हे तुम्हांला मजपेक्षा चांगले कळेल. व्यालेली गाय एकाएकी बसली, उठेना, तर आपण रात्रीबेरात्री डॉक्टरांकडे धावतो आणि शिरेतून कॅल्शियम देववितो. गाईचे कॅल्शियम आपल्याला ठाऊक. जावेचे ठाऊक नव्हते.

खाण्याचे मात्र सर्वांत अवघड गेले. नळीत मावणार किती? म्हणून दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावयाचे, जेवताना पाणी प्यावयाचे नाही, जेवून लगेच आडवे व्हावयाचे नाही, आणि झोपताना उशाकडची बाजू उंच. गोडाचा शिरा खाल्ला की घाम सुटून छाती धडधडे. हे सारे जमले. पण पुरुषमाणसे जेवण्याआधी, सुनांच्या देखत, सकाळी अकराला एकटीने ताट घेऊन बसणे त्यांना जमेना. "सारखं काय चरायचं गं?" म्हणत. ताटली झाकून ठेवीत आणि सर्वांच्या मागून जेवत. चार वर्षे औषधे वेळेवर झाली, हे मात्र कोणी पाहिले नाही. आता अकरा वाजता मीही त्यांच्याबरोबर एक घास घेऊन बसते. त्यामुळे माझे वजन वाढले आहे, ते सोडा.

त्यांच्या ताटलीत नाचणीची आंबील, दही, अंडे, तिळाची चटणी असते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि दिवसाची गरज हजाराच्या आसपास. पण नुसत्या आहारावर भागत नाही. बी-१२ ची सुई त्यांना आता कायमची आहे. कॅल्शियमची गोळी खडूसारखी असते ती बदलून डॉक्टरांनी सायट्रेटची दिली. तिला आम्ल लागत नाही. लोहाची गोळी तिच्याबरोबर घ्यावयाची नाही, चहाबरोबर तर नाहीच, लिंबूपाण्याबरोबर चालते. आम्लाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. उन्हाचेही आमचे चुकत होते. कोवळ्या उन्हात त्या पदर लपेटून बसत. ड जीवनसत्त्व करणारे किरण दुपारच्या सुमाराच्या उन्हातच अधिक असतात, तेही उघड्या कातडीवर पडले तर.

घरात कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा जठर काढले असेल, तर दर वर्षी या चार गोष्टी रक्तात पाहून घ्या, आणि हाडांची घनता कधी मोजावी ते डॉक्टरांना आपणहून विचारा. आम्ही विचारले नव्हते.

आता अकराला पाच मिनिटे आहेत. जाऊबाई डबा उघडतील. कार्यक्रम चालू असला तरी कोणी वळून पाहू नये, एवढी विनंती करून मी खाली बसते.