आधी माणूस, मग पुडी

(कलशारोहणानिमित्त सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कीर्तनकार आणि पुढारी यांच्या मध्ये वैद्याला बोलायला उभे केले, हे समितीचे धाडसच म्हणायचे. अर्धा तास दिला आहे. महाप्रसादाचा वास येऊ लागला की मी आपण होऊन थांबेन.

देवळाचे काम चालू असताना मी पाथरवटाजवळ पुष्कळदा जाऊन बसे. जोत्याचा जुना काळा दगड निघाला की तो त्यावर हातोडी हळूच ठोकून आवाज ऐके. एक ठेवी, दुसरा बाजूला टाकी. मी विचारले, "सगळे एकाच खाणीतले ना?" तो म्हणाला, "खाण एक, पण कुणावर किती पाणी गळलंय ते वेगळं." मी दवाखान्यात जे वर्षानुवर्षे समजावत आलो, ते त्याने एका वाक्यात सांगितले.

दवाखान्यात रोज कानी पडणारे वाक्य म्हणजे, "वैद्यबुवा, शेजारच्या काकांना दिलीत तीच पुडी मला द्या." गेल्या शिमग्याला एका गृहस्थांनी आपले पित्ताचे औषध निम्मे काढून मुंबईच्या भावाला पाठविले. गावचा भाऊ सकाळी पेज पिऊन बागेत राबणारा. मुंबईचा रात्रपाळीवाला, चहावर राहणारा, पहाटे जेवून झोपणारा. छातीत आग दोघांच्याही. एकाची उन्हाने पेटलेली, दुसऱ्याची जागरणाने. औषध टपालाने गेले. जागरण काही टपालाने थांबले नाही, आणि भाऊसाहेब मला म्हणतात, "तुमच्या औषधाला मुंबईचं पाणी लागत नाही!"

चरकसंहितेत विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात रोग्याची परीक्षा दहा अंगांनी करावी असे सांगितले आहे: प्रकृती, विकृती, धातूंचा कस, अंगाची बांधणी, प्रमाण, सात्म्य, मनाचे बळ, अन्न पचविण्याची शक्ती, श्रमाची शक्ती आणि वय. यातले सात्म्य म्हणजे अंगवळणी पडलेले. आपण भात-माशांवर वाढलो. देशावरचा माणूस भाकरीवर वाढला. आपली भूमी ओलसर, ग्रंथकार तिला अनूप देश म्हणतात. घाटावरची कोरडी, ती जांगल. पोथीतले पथ्य दोघांना एकच सांगणाऱ्या वैद्याने फक्त पोथी वाचली, माणूस वाचला नाही.

औषधाचेही तसेच. आपल्या सह्याद्रीत होणारा हिरडाच घ्या. भावप्रकाशात तो ऋतूप्रमाणे वेगवेगळ्या जोडीने सांगितला आहे. पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर आणि ग्रीष्मात गुळाबरोबर. फळ तेच, पण बारा महिन्यांत सहा वेळा सोबती बदलतो. मग माणसागणिक काही बदलायचे नाही का?

हे सगळे मला पाठ होते, आणि तरी माझ्या हातून जे झाले ते आज देवासमोर सांगतो.

शेजारच्या वाडीतल्या एक मावशी सांधे धरले म्हणून येत. बोटे सुजलेली, सकाळी मूठ वळत नसे. लक्षणे आमवाताची. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल दिले, दही आणि शिळे बंद करायला सांगितले. मावशी मान हलवीत. तीन महिने झाले, गुण नाही. मी मात्रा वाढविली. पैसेही घेत होतो, तेही सांगायला हवे.

आषाढात त्या बाजूला दुसऱ्या घरी गेलो होतो, पावसात अडकलो म्हणून त्यांच्या पडवीत शिरलो. मावशी लावणीच्या चिखलातून नुकत्याच आल्या होत्या. पोटऱ्यांपर्यंत ओल्या. सगळ्यांची जेवणे उरकली होती. मडक्यात गार भात उरला होता, त्यावर दही ओतून त्या जेवायला बसल्या. मला पाहून ताट पदराआड सरकविले. मी म्हटले, "मावशी, दही बंद सांगितलं होतं ना?" त्या म्हणाल्या, "दुसरं काय उरतं, बुवा?"

तीन महिने मी नाडी पाहिली, जीभ पाहिली, बोटे दाबून पाहिली. घरात शेवटी कोण जेवते, हे विचारले नाही. वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाय शास्त्र सांगते. तिसरा पाय मी कधी दवाखान्यात बोलावलाच नव्हता. त्या दिवशी मुलाला आणि सुनेला समोर बसविले. सून बिचारी रडली. तिला कुणी सांगितलेच नव्हते. त्या संध्याकाळपासून मावशींसाठी सुंठ घातलेली ऊन पेज आधी बाजूला निघू लागली, आणि लावणीला मुलगा उतरला. औषध मी तेच ठेवले. कार्तिकात मावशी काकडआरतीला स्वतःच्या पायांनी आल्या. बोटे मात्र वाकडी झाली ती झालीच. सांध्यांच्या डॉक्टरांकडे मी त्यांना पहिल्याच महिन्यात पाठवायला हवे होते.

प्रकृतिविचाराला आता प्रयोगशाळेतही जागा मिळू लागली आहे. २०१५ साली पुण्या-हैदराबादच्या संशोधकांसह काही मंडळींनी ३,४१६ पुरुषांची प्रकृती तपासली, त्यातून ठळक प्रकृतीचे २६२ निवडले आणि त्यांच्या जनुकांत फरक आढळल्याचे प्रसिद्ध केले. अभिमान वाटतो, पण ही सुरुवात आहे. त्यावरून कुणी जनुकांची पुडी विकू लागला तर घेऊ नका.

आणि मधुमेहाची मंडळी इथे बरीच दिसतात, म्हणून स्पष्ट बोलतो. माझा काढा सुरू केला म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करायचे नाही. पायाची जखम काळी पडली, छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, तर माझ्या दारात वेळ घालवू नका, थेट मोठ्या इस्पितळात जा. कोणता रोग आपल्या हातचा नाही हे आधी ओळखावे, असे चरकांनीच वैद्याला बजावले आहे.

समितीने नव्या ओवरीतली एक खोली मला देऊ केली आहे. दर द्वादशीला सकाळी आठ ते अकरा मी तेथे बसेन, मोबदला घेणार नाही. एकादशीच का नाही असे विचारू नका. साबुदाणा आणि शेंगदाणे यांनी बिघडलेली पोटे दुसऱ्या दिवशीच येतात! येताना उपाशीपोटी यावे. रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटे घेऊन यावे, आणि घरात चूल जिच्या हाती आहे तिला बरोबर आणावे.

वास आला. मी थांबतो. नमस्कार.