‘तर’ कुठं लपलाय?



आमच्या गटातल्या एक मावशी लेकीच्या बाळंतपणाला टांझानियात, दार एस सलामला गेल्या होत्या. जावई तिथं नोकरीला. तिथली भाषा स्वाहिली. जाण्याआधी मावशींनी पाणी, दूध, दुखणं, ये, जा असे पंचवीस-तीस शब्द वहीत लिहून घेतले होते.

नववा महिना. लेकीला तपासून नर्सबाईंनी घरी सोडलं आणि दारात मावशींना सांगितलं, “माउमिवु याकिझिदी, न्जो होस्पिताली.” मावशींना कळलं ते एवढंच: दुखणं, वाढलंय, ये, दवाखाना. काहीतरी बिघडलंय असं वाटून त्या वाटभर रडल्या. घरी आल्यावर लेकीनं सांगितलं, “आई, कळा वाढल्या तर या, असं म्हणाल्या त्या!”

मग तो ‘तर’ गेला कुठं? तो क्रियापदाच्या पोटात होता. ‘याकिझिदी’मधला ‘कि’ म्हणजेच ‘तर’. रात्री कळा खरंच वाढल्या. आता मावशींना बोलणं नीट समजलेलं होतं. वेळेत पोचल्या, नात झाली.

परत आल्यावर मावशींनी बैठकीत आम्हा सगळ्यांना हे शिकवलं. आम्ही आपल्याच व्यवहारातली वाक्यं घेतली. ‘निकिपाता पेसा, नितालिपा म्कोपो.’ नि म्हणजे मी, कि म्हणजे तर, पाता म्हणजे मिळणं. मला पैसे मिळाले तर कर्ज फेडीन. ‘फेडलं नाही तर’ म्हणायचं असेल तर ‘कि’ जाऊन ‘सिपो’ येतो: निसिपोलिपा.

दुसरा प्रकार ‘न्गे’चा. ‘निंगेकुवा ना पेसा, निंगेनुनुवा म्बुझी.’ माझ्याकडे पैसे असते तर मी शेळी घेतली असती. म्हणजे पैसे नाहीत, शेळीही नाही. आपण ‘असते’ आणि ‘असती’ असं दोन्हीकडे म्हणतो, तसा त्यांचा ‘न्गे’ही दोन्हीकडे येतो. वेळ हातची गेलीच असेल, तर व्याकरणात ‘न्गाली’ हे वेगळं रूप आहे.

हे शिकताना आम्हाला आमचंच बोलणं ऐकू आलं. शिकले असते तर, नावावर जमीन असती तर, वेळेत दवाखान्यात नेलं असतं तर. आमचा निम्मा जन्म ‘न्गे’त गेला. म्हणून आता बैठकीत कुणी असं बोललं, की आम्ही विचारतो, “बाई, याचा ‘कि’ कसा करायचा?” मागच्या महिन्यात एकजण म्हणाली, “शिलाई मशीन असतं तर…” आम्ही वाक्य बदलून घेतलं: “कर्ज मिळालं तर मशीन घेईन, हप्ता दर महिन्याला भरीन.” तिचा अर्ज त्याच बैठकीत लिहिला.

स्वाहिलीत एक म्हण आहे, ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा.’ थोडं थोडं करून माप भरतं. किबाबा म्हणजे धान्य मोजायचं माप. आपलं ‘थेंबे थेंबे तळे साचे’ तेच सांगतं.

२०२१ साली युनेस्कोनं ७ जुलै हा स्वाहिली भाषा दिन ठरवला. त्या दिवशी मावशींची आठवण काढा, आणि आपल्या गटात एका तरी ‘असतं तर’चं ‘झालं तर’ करून बघा.