आपले गाणे आपणच बांधावे
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मागे आपल्यांतील एका घरी मुलाने गिटार घेतली, तेव्हा त्याच्या वडिलांनी आमचा सल्ला विचारला. "अभ्यास बुडेल, हा नाद सोडवा," असे सांगून आम्ही मोकळे झालो. तो सल्ला चुकीचा होता, हे चारचौघांत कबूल करण्यासाठी आज आम्ही उभे आहोत. आमचे मत पालटले ते गोव्याच्या एका कलावंताच्या हकीकतीने.

गोव्याचे आणि आपल्या वसईचे नाते जुने आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी येथील किल्ला जिंकून घेईपर्यंत दोन्हीकडे पोर्तुगीजांचाच अंमल होता. त्या गोव्यातील शिवोलीचे रेमो फर्नांडिस मुंबईस वास्तुशास्त्र शिकत असता 'सॅव्हेजेस' ह्या रॉक वाद्यवृंदात गिटार वाजवीत. त्यांचा अभ्यास काही बुडाला नाही. त्यांनी पदवी घेतली. पुढे १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही त्यांची पहिली स्वतंत्र ध्वनिफीत निघाली. तीतील गीतरचना, चाली, वादन, गायन, सारे त्यांचे एकट्याचे. आणि मुद्रण झाले ते घरातच!

एकट्या माणसाने हे कसे साधले? त्यांच्याजवळ चार पट्ट्यांवर मुद्रण करणारे एक लहानसे यंत्र होते. अशा यंत्रात पहिल्या पट्टीवर गिटार भरावी, ती ऐकत दुसरीवर ताल, तिसरीवर आवाज. मग तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरविले, की पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या होतात. मात्र प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते. म्हणून आधी मनाशी सारे गाणे पक्के बांधावे लागते. ध्वनिफिती तयार झाल्यावर स्वतःच्या दुचाकीवरून दुकानोदुकानी पोचविण्याचे कामही त्यांनी कमी लेखिले नाही.

परंतु यंत्रापेक्षा गीतरचना महत्त्वाची. वाद्ये पाश्चात्त्य, भाषा बहुधा इंग्रजी, पण विषय आपल्या भूमीचे. १९८६ सालच्या 'पॅक दॅट स्मॅक' ह्या ध्वनिफितीत त्यांनी तरुणांस ग्रासणाऱ्या अमली पदार्थांविरुद्ध आवाज उठविला. गोव्याची जुनी गाणीही त्यांनी नव्याने मुद्रित केली. २००७ साली सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले.

आता आपल्या घराकडे वळू या. आगाशी, बोळींज, निर्मळ ह्या गावांतून लग्नाच्या हळदीला आजीबाई आपल्या बोलीत गाणी म्हणत. आज मांडवात कर्णे गर्जतात आणि आजी कोपऱ्यात गप्प बसते. तिच्याबरोबर ती गाणी जातील, आणि त्यांतील वाडीचे, विहिरीचे, पानवेलीचे शब्दही जातील. नवी गाणी रचणारे हात आपल्याच घरांत आहेत. त्यांना आपण, म्हणजे आमच्यासारख्यांनी, अडविले.

रेमोंच्या यंत्रात चारच पट्ट्या होत्या. आज मुलांच्या खिशांतील दूरध्वनीतही त्याहून अधिक सोय असते. म्हणून आमची विनंती एवढीच: येत्या लग्नसराईपूर्वी प्रत्येक घराने आपल्या आजीचे निदान एक गाणे मुद्रित करावे आणि ते घरातील वाजविणाऱ्या मुलाच्या स्वाधीन करावे. त्याने ते ऐकावे, आणि मग आपले स्वतःचे बांधावे.

त्या मुलाच्या घरी आम्ही उद्याच जाणार आहोत. गिटार अद्याप विकली गेली नसावी, अशी आशा करून आम्ही आपली रजा घेतो.