विजेची तोंडओळख



वीज दिसत नाही, म्हणून ती समजणार नाही असे मानू नका. गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब अधिक. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरी तो साधारण 230 असतो. वाहणाऱ्या प्रवाहाचे माप ॲम्पिअर, तर त्याला होणाऱ्या अडथळ्याचे, म्हणजे रोधाचे, माप ओहम. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी हा नियम 1827 साली प्रसिद्ध केला.

आता हा नियम घरात लावून पाहा. कोरड्या त्वचेचा रोध बराच असतो. ती ओली झाली की तो झपाट्याने घटतो. दाब तोच, पण अंगातून जाणारा प्रवाह कितीतरी वाढतो. म्हणून ओल्या हाताने बटण दाबू नये. बादलीत हीटर चालू असताना पाण्यात बोट बुडवून पाहू नये.

फ्यूजची तार बारीक असते ती वितळण्यासाठीच. तेथे जाड तार बसवली, तर तिच्याऐवजी भिंतीतील वायर तापेल.

पालकहो, मुलामुलींनी ‘असे का?’ विचारले तर त्यांना गप्प करू नका. आजच घरातील सर्वांना मेन स्विच दाखवून ठेवा. कोणाला शॉक लागला, तर त्याला हात न लावता आधी तो बंद करायचा असतो.